बालकांच्या न्यायालयापुढे उभे राहिलेले गुरू : डॉ. यानुश कोर्चाक

आपल्या ज्ञातीच्या वसतिगृहाशी या ना त्या नात्याने ज्यांचा संबंध आला आहे, त्या प्रत्येकास एक प्रश्न कधी ना कधी पडलेला आहे. खेड्यापाड्यांतून आलेली, घरची माया सोडून राहिलेली पाचपन्नास मुले एका छपराखाली आली म्हणजे त्यांना शिस्त लावावी तरी कशी? व्यवस्थापक मंडळाच्या सभेत हा विषय वर्षातून एकदा तरी निघतोच. जुन्या मंडळींस पूर्वीचा धाक आठवतो, तरुण सभासद मोकळीक द्यावी असे म्हणतात, आणि शेवटी अधीक्षकाने योग्य ते करावे असा ठराव होऊन सभा चहाकडे वळते. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्याने शाळेतील छडी काढून घेतली हे उत्तमच झाले. परंतु छडीच्या जागी काय ठेवावे हे कोणताही कायदा सांगू शकत नाही. ते ज्याचे त्याने शोधावयाचे असते. ज्याने ते तीस वर्षे शोधले, चुका करीत शोधले, आणि ज्या मुलांपाशी शोधले त्यांच्याबरोबरच अखेरच्या प्रवासास गेला, अशा एका थोर पुरुषाचे चरित्र यंदाच्या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवीत आहे.

डॉ. यानुश कोर्चाक हे पोलंड देशाचे. हा देश आपल्यापासून दूर खरा. तथापि कोल्हापूरकडील आपल्या ज्ञातिबांधवांस पोलिश माणसे अगदीच अपरिचित नाहीत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ ते १९४८ या वर्षांत, कोल्हापूरजवळ वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती, आणि त्यात बायामुलांचाच भरणा अधिक होता. कोर्चाक यांची मुले मात्र अशा कोणत्याही आश्रयापर्यंत पोहोचू शकली नाहीत. ती कथा पुढे येईल.

त्यांचे मूळ नाव हेन्रिक गोल्डश्मित. वॉर्सा शहरातील एका सुखवस्तू ज्यू कुटुंबात २२ जुलै रोजी त्यांचा जन्म झाला. वर्ष १८७८ की १८७९ याचा निर्णय आजवर लागलेला नाही, कारण वडिलांनी जन्माची नोंद वेळेवर केली नाही. वडील वकील होते. आणि वकिलाच्याच घरी कागद अपुरा राहावा ही गंमत आपल्याकडेही पाहावयास मिळते! त्या काळी पोलंड हे स्वतंत्र राष्ट्र म्हणून नकाशावर नव्हते. वॉर्सावर रशियाच्या झारचा अंमल होता आणि माध्यमिक शाळेत शिक्षण रशियन भाषेतून चाले. मातृभाषेत बोलणे हाही तेथे गुन्हाच ठरे. लहानगा हेन्रिक ज्या पहिल्या शाळेत गेला, तेथे एका मुलास फोकाने मारताना त्याने पाहिले, आणि त्या दृश्याची भीती त्याच्या मनात जन्मभर राहिली. पुढे त्याने जे काही उभारले, त्याच्या पायातला एक दगड या भीतीचा आहे असे मला वाटते.

घरची सुस्थिती टिकली नाही. वडिलांस मानसिक व्याधी जडली, उपचारांत पैसा संपला, आणि १८९६ साली ते निवर्तले. कुमारवयाचा हेन्रिक श्रीमंतांच्या मुलांच्या शिकवण्या करून आईस हातभार लावू लागला. याच काळात लेखनाचा नाद लागला. १८९८ मध्ये एका नाट्यलेखन स्पर्धेसाठी टोपणनाव हवे होते, ते त्याने क्रशेव्स्की या कादंबरीकाराच्या एका कादंबरीच्या नायकावरून घेतले. आणि हेन्रिक गोल्डश्मित मागे पडून यानुश कोर्चाक हेच नाव जगाने ओळखले.

वैद्यकीचे शिक्षण १९०५ साली पुरे झाले. लगेच रशिया-जपान युद्धात लष्करी डॉक्टर म्हणून जावे लागले. परत आल्यावर वॉर्सातील एका ज्यू धर्मादाय बालरुग्णालयात त्यांनी १९१२ पर्यंत काम केले. बालरोगांचे डॉक्टर म्हणून त्यांची ख्याती झाली, धनिकांची बोलावणी येऊ लागली. धनिकांकडून ते भरपूर मोबदला घेत व गरिबांच्या तळघरांतून जवळजवळ फुकट जात. पण ताप उतरलेले मूल पुन्हा त्याच ओलसर खोलीत, त्याच उपासमारीत आणि त्याच मारहाणीत परत जाते, हे त्यांस सहन होईना. शरीर बरे करणे हे निम्मेच काम आहे असे त्यांच्या मनाने घेतले.

आता शिस्तीच्या विषयाकडे यावयाचे. या थोर शिक्षकाचा पहिला धडा म्हणजे एक लाजिरवाणी फजिती होती, आणि ती त्यांनी स्वतःच मोकळेपणाने लिहून ठेवली आहे. वॉर्सातील गरीब मुलांना उन्हाळ्यात काही आठवडे खेड्यातील मोकळ्या हवेत नेण्याची प्रथा होती. १९०४ साली अशाच एका छावणीत सुमारे तीस मुलांचा गट तरुण कोर्चाक यांच्या हाती आला. मनात कल्पना अशी की, प्रेमाने वागले म्हणजे मुले आपोआप फुलासारखी वागतील. मुलांची नावे त्यांनी आधी पाठ केली नव्हती, जेवणाच्या व झोपण्याच्या जागा ठरविल्या नव्हत्या. जो तो हवी ती जागा धरू लागला, भांडणे जुंपली, आणि रात्री निजावयाच्या खोलीत कोणीतरी शिटी वाजवावी, दुसऱ्याने कोंबड्यासारखे आरवावे असा गोंधळ माजला. अखेर संतापलेल्या कोर्चाक यांनी एका मुलाचा कान पिरगाळला आणि बाहेरच्या पडवीत, जेथे कुत्रा मोकळा असे, तेथे हाकलून देण्याची धमकी दिली. ज्या माणसास शाळेतील फोकाने जन्माची धडकी भरविली होती, त्याचाच हात असा उठला.

सामान्य माणूस येथे दोनच गोष्टी करतो. एक तर मुलेच वाईट असे म्हणून छडी आणतो, नाही तर काम सोडून देतो. कोर्चाक यांनी तिसरी गोष्ट केली. त्यांनी स्वतःस विचारले की, या गोंधळात आपली चूक किती? उत्तर असे मिळाले की, ते मुलांपुढे बोलत होते, मुलांशी बोलतच नव्हते. मग रानातल्या एका मोकळ्या जागी सर्व मुलांस घेऊन ते बसले आणि काय बिघडले, ते कसे सुधारावे, हे त्यांनाच विचारले. मुले समंजसपणे बोलू लागली, कारण आजवर त्यांना कोणी विचारलेच नव्हते. पुढच्या खेपेस नावे आधी पाठ झाली, जागा आधी ठरल्या, आणि प्रत्येक गटाचा म्होरक्या मुलांतूनच निवडला गेला. शिस्तीचा निम्मा भाग हा व्यवस्थेचा असतो आणि ती व्यवस्था मोठ्यांनी आधीच करावयाची असते, हे त्यांस येथे कळले. वसतिगृहात पन्नास मुलांस तीन नळ आणि मग रांगेत भांडण केले म्हणून शिक्षा, हा न्याय आपणही अनेकदा केला आहे.

ज्यू समाजातील काही उदार गृहस्थांनी व भगिनींनी अनाथांच्या साहाय्यासाठी एक संस्था स्थापिली होती. वर्गणी गोळा करावी, देणग्यांसाठी उंबरे झिजवावे, हिशेब छापावे, असे आपल्या मंडळासारखेच तिचे काम चाले. या संस्थेने वॉर्साच्या क्रोख्माल्ना रस्त्यावर ९२ क्रमांकाची नवी इमारत बांधली व ऑक्टोबर १९१२ मध्ये तेथे अनाथगृह सुरू झाले. सुमारे शंभर मुलेमुली, संचालक डॉ. कोर्चाक, आणि मुख्य शिक्षिका स्तेफानिया विल्चिन्स्का. या बाईंविषयी लिहिणारे थोडे आणि डॉक्टरांविषयी लिहिणारे पुष्कळ, हा अन्याय आहे. बेल्जममध्ये शिकलेली, स्वतःचा संसार न केलेली ही करारी स्त्री तीस वर्षे त्या घराची माउली होती. डॉक्टरांच्या डोक्यात कल्पना येत. पण शंभर मुलांची वेणीफणी, कपडे आणि वेळापत्रक बाईंच्या हाती होते. एका हाताने टाळी वाजत नाही.

नव्या इमारतीत स्वच्छ न्हाणीघरे होती, प्रशस्त दिवाणखाना होता, आणि तरीही पहिले वर्ष अतिशय कठीण गेले. मुले नव्या नियमांविरुद्ध जणू बंड करून उठली. जुन्या जागेतल्या घाणीत व अंदाधुंदीत बलिष्ठांची जी सत्ता होती ती नव्या घरात जाऊ लागली, म्हणून बलिष्ठ चिडले. आणि दुबळ्यांचा अजून कोणावर विश्वास बसला नव्हता. कोर्चाक यांनी ही लढाई मारझोडीने जिंकली नाही. हळूहळू, एकेक साधन शोधीत, घराचा कारभार त्यांनी मुलांच्या हाती दिला.

पहिले साधन काम. घरात नोकर अगदी थोडे. झाडणे, पुसणे, बटाटे सोलणे, लहानांस अभ्यासात मदत करणे, ही सारी कामे मुले वाटून घेत. प्रत्येकाने हवे ते काम अर्ज करून मागावयाचे. जिन्याखाली लपवून ठेवलेली केरसुणी व फडके बाहेर काढून सर्वांस दिसेल अशा सन्मानाच्या जागी ठेवण्यात आले. स्वतः डॉक्टर जेवणानंतर मुलांची उष्टी ताटे गोळा करीत. कोणती बशी फुटकी आहे, कोणी अन्न टाकले, कोण कोणाशी रुसून दूर बसले, हे सारे त्या फेरीत दिसते, असे त्यांचे म्हणणे असे. ज्यांच्याकडे उष्टी काढणे हे कमीपणाचे समजले जाते, त्या आपल्या घरांतून हे वाक्य जरा सावकाश वाचावे.

दुसरे साधन सूचनाफलक व पत्रपेटी. धावता धावता मुलाने विचारलेल्या प्रश्नास मोठा माणूस घाईत नकार देऊन मोकळा होतो. कोर्चाक मुलास ते लिहून पेटीत टाकावयास सांगत. लिहिताना मूल विचार करी की हे खरोखर विचारण्याजोगे आहे काय, आणि वाचताना डॉक्टरांसही उत्तराचा विचार करण्यास अवधी मिळे. यात शिकवण दोन्ही पक्षांस आहे. मी स्वतः काही वर्षे एका वसतिगृहाचा अधीक्षक होतो. हे वाचल्यावर मी बिस्किटांचा एक रिकामा डबा खाच पाडून भिंतीस टांगला. पहिल्या पंधरवड्यात त्यात आमटी पातळ असल्याच्या सात तक्रारी, एक केळ्याचे साल आणि माझ्या टकलावर रचलेल्या दोन ओळी निघाल्या. तिसऱ्या आठवड्यात दहावीच्या एका मुलाची चिठ्ठी निघाली की रात्री दिवे लवकर मालवल्याने त्याचा अभ्यास होत नाही. त्याच पेटीत धाकट्या मुलांची चिठ्ठी होती की मोठे दिवा लावून ठेवतात म्हणून झोप लागत नाही. दोन्ही चिठ्ठ्या मी मुलांच्याच सभेपुढे वाचल्या. अर्ध्या तासात त्यांनी ठरविले की भोजनगृहातला दिवा अकरापर्यंत चालू राहावा आणि दिवा मालवून दार लावण्याची जबाबदारी पाळीपाळीने दहावीच्या मुलांनी घ्यावी. हा तोडगा चार वर्षे मला सुचला नव्हता.

तिसरे साधन मोठे विलक्षण, ते म्हणजे पैज. एखाद्या मुलास मारामारीची खोड असे, एखाद्यास शिव्यांची. असा मुलगा डॉक्टरांकडे येऊन पैज लावी की, येत्या आठवड्यात मी इतक्याच वेळा भांडेन. डॉक्टर त्यास एकदम शून्यावर जाऊ देत नसत. दररोज भांडणाऱ्याने आधी पाचावर यावे, मग तीनावर, अशी उतरंड असे. आठवड्याच्या शेवटी मुलाने स्वतःच येऊन जिंकलो की हरलो ते सांगावयाचे, जिंकल्यास दोन गोळ्या मिळावयाच्या. चौकशी नाही, साक्षीदार नाहीत. एका गोळीसाठी मूल खोटे बोलले असेल काय? कोणी बोललेही असेल. परंतु स्वतःच्या रागाचा हिशेब स्वतः ठेवण्याची सवय ज्यास एकदा लागली, त्यास पुढे पहारेकरी लागत नाही. मारामारी करावयाचीच असेल तर तिची नोंद आधी करावी, असाही नियम होता. नोंद करून थांबावे लागले म्हणजे बहुतेकांचा राग तोवर निवून जाई.

आणि आता त्या घरातील सर्वांत प्रसिद्ध संस्था : मुलांचे न्यायालय. ज्यास कोणाविरुद्ध तक्रार असेल त्याने ती फलकावर नोंदवावी. ज्या मुलांवर त्या आठवड्यात एकही तक्रार नाही, अशांतून चिठ्ठ्या टाकून पाच न्यायाधीश निवडावयाचे. शिक्षकाने केवळ चिटणिसाचे काम करावे, साक्षी लिहून वाचून दाखवाव्या. मत देण्याचा अधिकार त्यास नाही. तक्रार नोंदविली त्याच क्षणी निकाल नसे, सुनावणीपर्यंत वाट पाहावी लागे. आणि मधल्या काळात कित्येक फिर्यादी आपण होऊन क्षमा करून टाकीत.

या न्यायालयाची संहिता कोर्चाक यांनी स्वतः रचली. तिच्यातील कलमांचे क्रमांक १००० पर्यंत जातात. पण तिची रचना आपल्या दंडसंहितेच्या अगदी उलट आहे. पहिली ९९ कलमे निर्दोष सोडण्याची वा क्षमेची आहेत. अजाणतेपणी केले म्हणून क्षमा, पश्चात्ताप झाला म्हणून क्षमा, पुन्हा असे होणार नाही या आशेने क्षमा. शंभराव्या कलमात प्रथमच क्षमा नाही, पण शिक्षाही नाही; त्याने हे केले एवढेच न्यायालय नमूद करते. मग दोनशे, तीनशे, चारशे अशा मोठ्या पावलांनी दोष वाढत जातो. पाचशेपासून निकाल नावानिशी घराच्या वर्तमानपत्रात छापला जाई, सातशेस घरच्या माणसांस कळविला जाई. नऊशेवे कलम लागलेल्या मुलास, त्याची हमी घेणारा कोणी सोबती मिळाला तरच राहता येई. हजारावे कलम म्हणजे घरातून काढणे, आणि तेही तीन महिन्यांनी परत अर्ज करण्याच्या मुभेसह. हे कलम क्वचितच लागले. मारणे, उपाशी ठेवणे, कोंडणे यांस या संहितेत कोठेही स्थान नव्हते. मुलाने चूक केली तर क्षमा करणे हेच उत्तम, कारण न कळल्याने केले असेल तर ते आता कळेल, आणि मुद्दाम केले असेल तर पुढे जपून वागेल, हा या संहितेचा पाया. परंतु दुबळ्यास बलिष्ठापासून आणि कष्टाळूस उपद्रवी मुलापासून संरक्षण देणे हेही न्यायालयाचे काम आहे, हे सांगावयास ते विसरले नाहीत. निव्वळ क्षमेने घर चालत नाही, हे त्यांस पक्के ठाऊक होते.

हे न्यायालय मोठ्यांसही लागू होते, आणि येथेच कोर्चाक इतर सुधारकांहून वेगळे ठरतात. सहा महिन्यांच्या अवधीत त्यांनी स्वतःस पाच वेळा मुलांच्या न्यायालयापुढे उभे केले. एका मुलाच्या कानशिलात मारली, एकास निजावयाच्या खोलीतून बाहेर काढले, एकास कोपऱ्यात उभे केले, एका न्यायाधीशाचा अपमान केला, आणि एका मुलीवर चोरीचा संशय घेतला, या त्या पाच तक्रारी. पाचही निकाल क्षमेच्या शंभर कलमांच्या आतच लागले. पण दहाबारा वर्षांच्या मुलांपुढे आपला बचाव लिहून देणे आणि निकालाची वाट पाहणे, हे त्या घराच्या संचालकाने केले.

हा पाचवा खटला वाचताना मी पुस्तक मिटून बसलो होतो. मी ज्या वसतिगृहात होतो, तेथे एकदा एका मुलाच्या पेटीतून फीचे पैसे नाहीसे झाले. मी ज्या मुलावर संशय घेतला तो गरीब होता, आधी एकदा खोटे बोलताना सापडला होता, आणि विचारताच तो गप्प राहिला. मी त्यास सर्वांसमक्ष दोन थोबाडीत दिल्या. आठ दिवसांनी पैसे त्याच पेटीत, कोटाच्या फाटक्या अस्तरात सापडले. मी त्या मुलास खोलीत बोलावून पाठीवरून हात फिरविला, खाऊस पैसे दिले. पण मारले होते सर्वांसमक्ष आणि चूक कबूल केली ती दार लावून. पुढच्या सत्रात तो परत आला नाही. त्याच्या वडिलांनी शेतीच्या कामाचे कारण लिहिले होते. अधीक्षकाचा दरारा राहिला पाहिजे म्हणून मी तसे वागलो असे त्या वेळी स्वतःस समजाविले. तो मुलगा आता नातवंडांचा धनी असेल, आणि ही स्मरणिका त्याच्याही घरी जात असेल.

कोर्चाक यांचे न्यायालय प्रथमपासून सुरळीत चालले असे कोणी समजू नये. मुले क्षुल्लक कारणांसाठी खटले भरू लागली, काही जण निकालाची टर उडवू लागले, बलिष्ठ पोरांनी न्यायालयाविरुद्ध कुजबूज चालविली. तेव्हा डॉक्टरांनी ते काही काळ बंदच ठेवले. बंद पडताच काहींनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि ज्यांस कोणी वाली नव्हता त्यांना त्याची किंमत कळली. पुन्हा सुरू करताना निकालाच्या फेरविचाराची सोय झाली, अवघड खटल्यांसाठी एक निराळे मंडळ निवडले गेले, आणि मोठ्यांवरही फिर्याद करण्याचा मुलांचा अधिकार स्पष्ट झाला. पुढे वीस प्रतिनिधींची मुलांची लोकसभाही झाली. नवा मुलगा आला म्हणजे एखादा मोठा मुलगा वा मुलगी त्याचा पालक होई. आणि कालांतराने सर्व मुले अधिक, उणे किंवा शून्य असे मत देऊन तो सोबती म्हणून कितपत रुजला ते ठरवीत. मला स्वतःस हे मतदान जरा कठोर वाटते. बारा वर्षांच्या पोरास शंभर जणांची मते फलकावर वाचावी लागणे ही क्षमेच्या ९९ कलमांशी न जुळणारी गोष्ट आहे. तसेच चौदाव्या वर्षानंतर मुलास ते घर सोडावे लागे, आणि बाहेरच्या जगात त्याची तक्रार ऐकण्यास कोणतेही न्यायालय बसलेले नसे.

पहिल्या महायुद्धात कोर्चाक पुन्हा लष्करी डॉक्टर झाले आणि रणांगणामागील इस्पितळांत, मिळेल त्या सवडीत, मुलांवर प्रेम कसे करावे या विषयावरील आपला मुख्य ग्रंथ त्यांनी लिहिला. वर दिलेले बहुतेक अनुभव त्यातलेच. स्वतंत्र झालेल्या पोलंडमध्ये १९१९ साली मारिया फाल्स्का या बाईंसह पोलिश कामकऱ्यांच्या मुलांसाठी ‘आपले घर’ नावाचे दुसरे गृह त्यांनी उभारले. एक घर ज्यू मुलांचे, दुसरे इतरांचे. संहिता दोन्हीकडे एकच. आपल्या समाजाच्या देणग्यांवर चालणाऱ्या संस्थेचा संचालक दुसऱ्या समाजाच्या मुलांसाठीही झिजतो, याबद्दल दोन्ही बाजूंचे काही लोक नाराज असत. त्यांनी ते मनावर घेतले नाही. १९२३ साली प्रसिद्ध झालेली बालराजा मात्याची त्यांची गोष्ट पोलंडच्या घरोघरी पोहोचली. १९२६ पासून त्यांनी मुलांनीच लिहिलेले एक साप्ताहिक चालविले. त्याचा शेवटचा अंक १ सप्टेंबर १९३९ रोजी, ज्या दिवशी जर्मनीने पोलंडवर आक्रमण केले त्याच दिवशी, निघाला. आकाशवाणीवर ‘म्हातारा डॉक्टर’ या नावाने त्यांची भाषणे होत व ती लहानथोर कान देऊन ऐकत.

१९४० च्या नोव्हेंबरात जर्मनांनी वॉर्सातील ज्यूंना भिंतीआड कोंडले. क्रोख्माल्ना रस्त्यावरचे घर त्या भिंतीबाहेर राहिले. मुलांस आत जावे लागले. जाताना त्यांच्या बटाट्यांची गाडी जप्त झाली, ती सोडविण्यास गेलेल्या साठी गाठलेल्या डॉक्टरांस अटक होऊन सुमारे महिनाभर तुरुंगात काढावा लागला. पुढे रोज सकाळी पाठीवर पोते टाकून ते मुलांसाठी धान्य मागत दारोदार फिरत. भुकेने माणसे रस्त्यावर मरत होती. आणि त्या घरात कामाच्या पाळ्या, वर्तमानपत्र व मुलांचे न्यायालय चालूच होते.

१८ जुलै १९४२ रोजी मुलांनी तेथे एक नाटक केले. ते रवींद्रनाथ ठाकुरांचे ‘डाकघर’ होते. खिडकीशी बसून राजाच्या पत्राची वाट पाहणाऱ्या आजारी अमलची ती कथा. बंगालच्या कवीचे हे नाटक वॉर्साच्या कोंडवाड्यात ज्यू मुलांनी पोलिश भाषेत केले, ही गोष्ट भारतीय वाचकास ठाऊक असावी. मृत्यूकडे शांतपणे पाहण्याची मुलांची तयारी व्हावी म्हणून ते निवडले असे पुष्कळांचे मत आहे. चारच दिवसांनी, २२ जुलैस, तेथील ज्यूंना आगगाड्यांत भरून त्रेब्लिंका येथील मृत्युछावणीत पाठविण्यास सुरुवात झाली.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात या घराची पाळी आली. त्याच्या आदल्या दिवसांपर्यंत डॉक्टर रोजनिशी लिहीत होते. तिच्या शेवटच्या पानांत, खिडकीतील झाडांस पाणी घालताना समोर बंदूक घेऊन उभा असलेला पहारेकरी आपल्याकडे पाहत आहे, आणि तो काय विचार करीत असेल, असे त्यांनी लिहिले आहे. त्या शिपायाविषयीही त्यांच्या लेखणीत द्वेष उतरला नाही. भिंतीबाहेरच्या मित्रांनी त्यांच्या सुटकेसाठी खटपट केली होती. त्यांनी मुलांस सोडून जाण्यास नकार दिला. स्तेफानिया बाई १९३८ साली पॅलेस्टाइनमध्ये सुरक्षित होत्या, त्या १९३९ मध्ये आपण होऊन परत आल्या होत्या. त्याही गेल्या नाहीत. सुमारे दोनशे मुले, डॉक्टर, बाई व इतर शिक्षक घराबाहेर पडून आगगाडीपर्यंत चालत गेले. पाहणाऱ्यांनी सांगितले आहे की मुले रांगेने, नीटनेटकी, आपल्या गुरुजनांबरोबर चालत होती. त्यांतील कोणीही परत आले नाही.

रोजनिशी मित्रांनी जपून ठेवली व ती १९५८ मध्ये प्रसिद्ध झाली. १९८९ साली संयुक्त राष्ट्रांनी बालहक्कांचा करार संमत केला. त्याचा पहिला मसुदा मांडणारा देश पोलंड होता. क्रोख्माल्ना रस्त्यावरची ती इमारत युद्धातून वाचून आजही उभी आहे. त्रेब्लिंका येथे आता घरे नाहीत, छावणी नाही. मोकळ्या माळावर हजारो ओबडधोबड दगड उभे केले आहेत. कित्येकांवर गावांची नावे कोरलेली आहेत. व्यक्तीचे नाव असलेला दगड मात्र एकच आहे. त्यावर यानुश कोर्चाक हे नाव, त्याखाली कंसात हेन्रिक गोल्डश्मित, आणि पुढे दोनच शब्द : आणि मुले.